खाजणातले जोडठसे

भूगर्भशास्त्र हा विषय मी हौसेने घेतलेला नाही. रसायनशास्त्राच्या जागा भरल्या होत्या आणि प्राणिशास्त्रात बेडूक कापावा लागतो असं ऐकलं होतं, म्हणून उरलेला विषय पदरात पडला. लालबागच्या आमच्या चाळीत ही बातमी कळली तेव्हा दगडाला दगड भेटला म्हणून बायका महिनाभर हसत होत्या. मी चिडायचे, आणि मी चिडते म्हणून त्या आणखी हसायच्या. माझा स्वभाव तेव्हाही तिरसट होता. आता वयाने त्यात भर पडली आहे इतकंच.

ती संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षं होती. घरात आम्ही तिघंच: माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही दादा म्हणायचो, वहिनी आणि मी. दादा माझगावच्या गोदीत कारकून होता. दिवसा मालाच्या याद्या लिहायचा आणि संध्याकाळी गेरूचा डबा घेऊन भिंतींवर ‘झालाच पाहिजे’ लिहायचा. त्याचं अक्षर फार देखणं होतं. इतकं, की पोलिसांनाही ते ओळखू यायला लागलं होतं.

आमचे सर किडकिडीत आणि अबोल होते. त्यांच्या कपाटात प्लास्टरचा एक पाट होता. परदेशातल्या कुणा स्नेह्याने एका खडकावरून साचा काढून त्यांना पाठवला होता. तो खडक म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचा समुद्राचा तळ. तळाच्या चिखलावर कुणीतरी हात उमटवत गेलं होतं आणि तो चिखल तसाच दगड झाला होता. सरांनी प्रयोगशाळेच्या खिडक्या लावून घेतल्या, दिवा टेबलाच्या कडेला अगदी खाली धरला, आणि मघाशी कोरा वाटणारा पाट सावल्यांनी भरून गेला.

“हात म्हणजे वल्ह्यासारखे चपटे हात,” सर म्हणाले. “राहणं पाण्यातलं, पण जात सरड्या-सुसरींची.”

ठसे जोडीजोडीने होते. डावा आणि उजवा अगदी समोरासमोर, मग मोकळी जागा, मग पुन्हा जोडी. सर म्हणाले, “चालणारा एक पाय टाकतो, मग दुसरा. ह्याने दोन्ही एकदम टाकलेत. म्हणजे हा चालत नव्हता, वल्हवत होता.” प्रत्येक ठशाच्या एकाच बाजूला चिखलाचा बारीकसा वरंबा होता. चिखल मागे लोटला जातो आणि अंग पुढे जातं, तेव्हा वरंबा जिकडे, त्याच्या उलट दिशेला हा गेला. एवढं सांगून त्यांनी दिवा हळूच सरकवला. सावल्याही सरकल्या. मला वाटलं, टेबलावरून कुणीतरी माझ्या दिशेने येतंय. मी हात मागे घेतला.

पाटाच्या टोकाकडे ठसे नाहीसे झाले होते. मी म्हटलं, इथे मेला असेल.

“मेला असता तर शेवटचा ठसा सगळ्यांत खोल असता. बोट लावून बघा. प्रत्येक जोडी आधीपेक्षा हलकी आहे. पाणी वाढलं, त्याने ह्याचं वजन उचललं, तळ सुटला आणि हा पोहत निघून गेला.” मग म्हणाले, “प्राणी इथे हजर नाही. त्याची हालचाल मात्र हजर आहे.”

अलीकडे वाचनात आलं की चीनमध्ये असेच जोडठसे ओळीने सापडले, आणि नॉथोसॉर नावाचे समुद्री प्राणी पुढचे दोन्ही हात एकदम मारत, तळ उकरत, चिखलातून उठलेलं भक्ष्य टिपत जात असावेत असं तिथल्या अभ्यासकांनीही म्हटलं. सर असते तर नुसते ‘हं’ म्हणाले असते.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन वहिनीला सगळं समजावून सांगितलं. ती नाचणीच्या भाकऱ्या करत होती. मी परातीतलं पीठ सपाट केलं, त्यात दोन्ही हात एकदम दाबले, मागे ओढले, पुन्हा दाबले, आणि शेवटी बोटं नुसती टेकवली. वहिनी चौथीपर्यंत शिकलेली, पण डोकं माझ्यापेक्षा चांगलं. तिने पिठाकडे बघत विचारलं, “म्हणजे वन्सं, उथळ झालं तर तरला, आणि खोल झालं तर बुडाला. असंच ना?” मी हो म्हटलं. “पीठ वाया घालवलंत,” ती म्हणाली आणि पिठावर पाणी ओतलं.

नंतर थोड्याच दिवसांत शहरात गोळीबार झाला. दादा सकाळी गोदीत जातो म्हणून गेला तो आला नाही. संचारबंदी लागली, ट्रामगाड्या बंद झाल्या, आमच्या नाक्यावर पोलिसांचा पहारा बसला. तुरुंगात त्याचं नाव नव्हतं. इस्पितळात नव्हतं. प्रेतं ठेवायच्या जागी मी आणि चाळीतले एक काका जाऊन आलो, तिथेही तो नव्हता. तीन दिवस गेले, चार गेले. रोज सकाळी वहिनी कुंकवाचा करंडा उघडून बसायची. मेणाचं बोट कपाळाला लावायची, आणि कुंकू लावायच्या आधी दाराकडे बघायची. मी चहा करता करता तिच्याकडे बघत राहायचे. लावू नको असं कुणी म्हणत नव्हतं, पण चाळीतल्या बायका आता तिच्या कपाळाकडे बघून बोलायच्या, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

पाचव्या दिवशी पहारा जरा सैल झाला आणि आमची मासेवाली मावशी आली. शिवडीच्या कोळीवाड्यातली ही बाई आईच्या वेळेपासून आमच्या दारात बसत आलेली. टोपली उतरवता उतरवता ती म्हणाली, “गोलीबार झाला ना, त्याच्या दुसऱ्या दिशी दादा आला नि माझ्या दिराकडून फली मागून घेऊन गेला. खाजनातून होडी गाठाची म्हने. वाटा समद्या बंद ना. फली काय परत आली नाय.”

वहिनीने हातातलं ताट खाली ठेवलं. “दादा?” मी विचारलं.

“हां. गेला तो गेला. खुना हायत अजून चिखलात. भांगाचा पानी हाय, वर चढत नाय.”

भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची कमजोर भरती. उधाणाला समुद्र सगळं खाजण पुसून टाकतो, भांगाला तो निम्म्यावरूनच मागे फिरतो. वहिनीने मला उभं केलं आणि माझ्या हातात चपला दिल्या. “तुम्ही जा. तुम्हाला वाचता येतं,” ती म्हणाली.

ओहोटीच्या वेळेला, दुपारी, मी मावशीबरोबर शिवडीच्या बांधावर पोचले. खाजण म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी चिखलाची जमीन. पुढे दूरवर समुद्राची एक पांढुरकी रेघ. माणूस ह्या चिखलात उभा राहिला तर मांडीपर्यंत जातो. म्हणून कोळी लोक लांब फळीवर पालथे पडतात आणि दोन्ही हातांनी चिखल मागे लोटत सरकतात. गिरण्या बंद होत्या, गाड्या बंद होत्या. चिखलातून बुडबुडे फुटायचे तेवढाच आवाज, पण तो सगळीकडून यायचा, जणू खाजण ओठ मिटत-उघडत होतं. बांधाखालीच निवट्या होत्या. निवटी म्हणजे चिखलावर फिरणारा बोटभर मासा, डोळे डोक्यावर आलेले. आम्हाला बघून त्या थांबल्या, मग पुढचे दोन्ही पर एकदम टेकून पुढे सरकल्या. त्यांच्या मागे बारीक ठसे राहिले, जोडीजोडीने, मध्ये पोटाची रेघ.

आणि त्यांच्या पलीकडे तसेच ठसे, माणसाच्या मापाचे.

ऊन तिरपं झालं होतं. सरांच्या दिव्यासारखंच खालून येत होतं, आणि प्रत्येक ठसा सावलीने भरला होता. डावा-उजवा, मोकळी जागा, डावा-उजवा. वरंबे सगळे जमिनीच्या बाजूला. म्हणजे तो समुद्राकडे गेला होता. मधून फळीची गुळगुळीत चाकोरी. अंतरं सारखी, घाई नव्हती, भीतीही नव्हती. इतकं सगळं मला बांधावरूनच वाचता आलं. आपला माणूस दिसत नाही, त्याचे हात दिसतात, ते अजून चिखल ढकलतायत.

टोक मात्र बांधावरून दिसत नव्हतं. मावशीने माझ्या लुगड्याचा काष्टा घट्ट आवळला, कमरेला दोर बांधला आणि मला फळीवर घातलं. “हात मारत जा गो बाय. पाय हलवू नको,” ती म्हणाली. चिखल थंड होता, कोपरापर्यंत थंड. पाचसहा वेळा हात मारल्यावर माझ्या लक्षात आलं की माझे हात त्याच्या ठशांच्या बरोबरीनेच पडतायत. मी मुद्दाम लांब मारायला गेले, तर थोड्या वेळाने पुन्हा तेच. फळीवर पडलेल्या माणसाला दुसरी चालच नसते, हे मला आता कळतं. तेव्हा वाटलं की शेजारून कुणीतरी माझ्याबरोबर सरकतंय आणि मान वळवली तर दिसेल. मी मान वळवली नाही.

भरतीच्या कचऱ्याची ओळ ओलांडून ठसे पुढे गेले होते. तिथे पाणी येऊन गेलं होतं, पण हलकंच. ठशांवर गाळाची पातळ साय धरली होती. मग फळीची चाकोरी एकाएकी डावीकडे वळली आणि संपली. ठसे संपले नव्हते. चाकोरीशिवायच्या, नुसत्या हातांच्या, आणखी चार जोड्या. मधला चिखल उसवलेला होता. पहिली जोडी मनगटापर्यंत. दुसरी त्याहून खोल. तिसरीत मी माझा हात घालून बघितला तर कोपर बुडालं. चौथीला तळ लागला नाही. त्या खड्ड्यात पाणी साचलं होतं आणि पाण्यात निवटी बसली होती. ती माझ्याकडे बघत होती.

पुढे काहीच नव्हतं. सपाट, चकचकीत चिखल. मला मागे ओढावं म्हणून मी दोराला हिसका दिला.

परतीच्या वाटेवर मी मावशीशी एक शब्द बोलले नाही. घरी वहिनी दारातच उभी होती. माझ्या हातांवरचा चिखल वाळून भेगाळला होता. तिने तो बघितला आणि दादा कुठे, जिवंत आहे का, असलं काही विचारलं नाही. तिने विचारलं, “शेवटचे कसे होते?”

“उथळ,” मी म्हटलं.

ती दारातच बसली आणि रडली. मग उठून तोंड धुतलं, करंडा काढला आणि ठसठशीत कुंकू लावलं. त्या दिवसापासून तिने एकदाही दाराकडे बघून कुंकू लावलं नाही. चाळीत ती सांगत सुटली की हे होडीने गेले, पाण्याने उचललं त्यांना, वन्सं स्वतः बघून आल्या, सायन्सने सिद्ध झालंय. बायकांच्या नजरा तिच्या कपाळावरून उतरल्या. मला मात्र रात्री डोळे मिटले की तो चौथा खड्डा दिसायचा. कॉलेज सुरू झालं तरी सरांच्या कपाटाकडे मी पाठ करून बसायचे. रोज सकाळी वहिनी आरशासमोर बसली की मी काहीतरी काम काढून बाहेर गॅलरीत जायचे. मी तिला फसवत होते, आणि तिला बरं वाटतंय म्हणून मलाही बरं वाटत होतं. ह्याची लाज मला त्या वेळीही वाटत होती.

चैत्रात दादा परत आला.

दाढी वाढलेली, अंगात दुसऱ्याचा सदरा, आणि कडकडून भूक लागलेली. चाळ गोळा झाली, पेढे वाटले गेले. वहिनीने सगळ्यांदेखत माझे दोन्ही हात धरले आणि “हे हात खोटं बोलले नाहीत,” म्हणाली. दादाला खाजणाची हकीकत सांगितली तेव्हा तो जेवता जेवता हसायला लागला. “मी आणि चिखलात? अगं, दादरच्या भाजीबाजारातल्या लॉरीत बसून गेलो, कोबीच्या पोत्यांवर. नाशकाकडे होतो. तुम्हाला कुणी सांगितलं हे भलतंच?”

सगळे हसले. मीही हसले असेन. पण माझ्या डोळ्यांपुढे तो चौथा खड्डा होता, आणि तो दादाचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मावशी आली तेव्हा मी तिला जिन्यातच गाठलं. “मावशी, तू दादा म्हणालीस ना?”

“म्हनले. मग?”

“आमचा दादा तर गेलाच नव्हता तिकडे.”

तिने माझ्याकडे वेड लागल्यासारखं बघितलं. “तुमचा कवा म्हनले मी? तुमच्याला मी भाऊसाहेब म्हनते गो. परका बापया कोलीवाड्यात आला तर त्याला आमी काय म्हनतो? दादाच ना. शिकलेल्या पोरीला खुना बघाची हौस, म्हनून नेली तुला.”

खरंच होतं. दहा वर्षं ती त्याला भाऊसाहेब म्हणत होती. आमच्या घरात दादा हा एकच, म्हणून जगातही एकच असं आम्ही धरून चाललो. तो कोण होता, असं मी विचारलं. “कोन जाने. कुनी इचाराला आला नाय,” ती म्हणाली.

मी चौकीत जाऊन सांगायला हवं होतं. खोल-उथळ काही न सांगता, कुणी बेपत्ता असेल तर चौकीत सांगावं, असा विषय वहिनीकडे काढला तर तिचा चेहरा पडला. चौकीत गेलं की पत्ता विचारणार, पत्त्यावरून दादाचं नाव निघणार. शिवाय एव्हाना कितीतरी उधाणं होऊन गेली होती, दाखवायला काही उरलं नव्हतं. मी गप्प बसले. सोयीचं होतं म्हणून बसले.

वैशाखात एका दुपारी मावशी टोपली न घेता आली. तिच्यामागे एक बाई होती, उरणकडची, नऊवारी लुगड्यातली, माझ्याहून दोनचार वर्षांनी मोठी. तिचा नवरा लालबागच्या गिरणीत होता. गिरणी बंद पडली तेव्हा त्याने निरोप पाठवला होता की मी घरी येतो, वाट नाही मिळाली तर होडीने येतो. ती दोनतीनदा मुंबईला येऊन गिरणीत, खोलीवर, इस्पितळात फिरून गेली होती. ह्या खेपेला भाऊच्या धक्क्यावर कुणीतरी तिला शिवडीला जा म्हणालं. मावशीच्या दिराने फळी मागणाऱ्याचं वर्णन केलं, पुढचा दात तुटलेला, आणि तिने ओळखलं.

वहिनीने तिला पाट दिला, पाणी दिलं. वहिनीचा जीव मोठा. तिला त्या बाईत स्वतःचे ते पाच दिवस दिसत होते. “घाबरू नका,” ती म्हणाली. “खुणा बघितल्यात आमच्या वन्संनी. त्यांना कळतं त्यातलं. उथळ झाल्या तर माणूस तरलेला असतो.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “सांगा ना वन्सं.”

बाईने कपाळभर कुंकू लावलं होतं. ती माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघत होती. उथळ हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. एकदा वापरलेला होता, चालला होता, घरी हसू घेऊन आला होता. पण ह्या बाईचा माणूस कोबीच्या पोत्यांवर बसून येणार नव्हता. ती म्हातारी होईपर्यंत धक्क्यावर उभी राहिली असती.

“खोल होते,” मी म्हटलं. “फळी आधीच सुटली होती. शेवटचे सगळ्यांत खोल होते.”

पदराच्या टोकाने बाईने स्वतःच कपाळ पुसलं, नीट, एकदाच. “बरं झालं सांगितलंस,” म्हणाली. “आता पोरांना सांगता येईल.” मावशीने तिला हाताला धरून उठवलं आणि दोघी जिना उतरून गेल्या.

वहिनीने पाण्याचं भांडं उचललं, मोरीत ठेवलं आणि तिथेच पाठमोरी उभी राहिली.

“एकाच माणसाचे ठसे ते,” ती म्हणाली. “मला उथळ म्हणालात.”

“हो.”

“म्हणजे त्या दिवसापासून ह्यांचं तोंड बघेपर्यंत, तुमच्या लेखी मी विधवा होते.”

मी बाईचा पाट उचलून भिंतीला लावला.

“आणि रोज सकाळी मी कुंकू लावत होते,” वहिनी म्हणाली, “तेव्हा तुम्ही उठून गॅलरीत जात होतात.”